झाडलेला माळ

११ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

आधी खर्र, मग टक् टक्, आणि मग एक लांब श्वास. बसस्थानकाच्या भोंग्यातून तो श्वास साऱ्या गावाला ऐकू जायचा आणि माझ्या दुकानात काच कापता कापता माझा हात थांबायचा. काचेवर फिरणारा हिरा अर्ध्यात थांबवू नये, रेघ बिघडते. तरी थांबायचा. कारण मला ठाऊक असायचं की त्या श्वासात तू पाय उचलतो आहेस. चौकशीच्या खिडकीमागच्या त्या कपाटाएवढ्या खोलीत, माईक हातात धरून, तू जागच्या जागी एक पाऊल टाकायचास आणि मग शब्द यायचे, शाळेत प्रार्थनेला पोरं ओळीने यावीत तसे. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.” मी गिऱ्हाइकाला सांगायचो, “हा आमचा भोंग्या. शाळेत एक ओळ धड बोलता येत नव्हती, आता गाव हलवतो.” गिऱ्हाईक म्हणायचं, “बरं. आणि माझी फ्रेम कधी मिळेल?” लोकांना कशाचं काही नसतं.

आज दुकानाचं दार वर ढकलताना तो खर्र पुन्हा ऐकू आला. बसस्थानकातून नव्हे. तिथे आता यंत्रातली एक बाई बोलते, तिला श्वासच लागत नाही. माझ्याच कानात आला. म्हणून लिहायला बसलो. नाहीतर मी आधी लिहिणारा नव्हे, हे तुला चांगलं ठाऊक आहे.

तुझ्या माळाची नोटीस लागली. वाचनालयाच्या फळ्यावर, वधूवरांच्या जाहिरातीशेजारी. ‘प्रस्तावित कुक्कुटपालन केंद्र.’ चाळीस हजार कोंबड्या, पत्र्याच्या लांबच लांब शेड, रात्रभर दिवे, दोन्ही बाजूंनी तारेचं कुंपण. आपली वाट शेडच्या पोटातून जाते. नकाशात ती दाखवलेलीच नाही. ओढाही नाही. म्हणजे कोंबड्यांची घाण जिथे वाहून जाणार तो ओढाच कागदावर नाही, तर घाण जाईल कुठे? कागदावरून खाली गळेल बहुधा.

टेलरच्या दुकानात या कोंबड्यांवरून आपलं जे झालं त्याला वर्ष होत आलं. तू म्हणालास, रविवारी दोन तास हवा खायला येणाऱ्यांनी जमीन कशी ठेवायची हे मला शिकवू नये. मी म्हणालो, तू कोंबड्यांचा जावई झालायस. टेलर हसला, ड्रायव्हर हसला, रविवारी माळावर चालणारी आपली सगळी फौज हसली. मग तू उठलास आणि म्हणालास, “मी ही जमीन…” आणि तिथे अडकलास. सगळे थांबले. मीही थांबलो. शब्द आला नाही. तू चपला घातल्यास आणि गेलास, आणि आठवड्याभरात लेकीकडे, सहाव्या मजल्यावर. तुझं ते अर्धं वाक्य अजून टेलरच्या दुकानात लोंबकळतंय, मापाच्या टेपशेजारी.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी मॅडम पाहणीला येणार आहेत. माळावर पशुपक्षी आहेत की नाहीत हे त्या ठरवणार. असले तर शेड होणार नाही, नसले तर होईल, इतकं ते साधं आहे. आम्ही तयारीत आहोत. हे फक्त कळवतोय. मी तुझ्याकडे काही मागत नाही.

तुझी वहिनी विचारते, सहाव्या मजल्यावर चालायला कुठे जातोस?

तुझा,
चौकटवाला


२ मार्च

प्रिय भोंग्या,

तू पाहायला हवा होतास! आपल्या रविवारच्या फौजेने काय काम केलंय! मला आमच्या सगळ्यांचा असा अभिमान वाटतोय की हात दुखत असूनही लिहितोय.

परवापासून सगळे माळावर. ड्रायव्हरसाहेबांनी विळे आणले. गाडी चालवणं सुटलं तरी त्यांचं ओरडणं सुटलेलं नाही, “सरका, सरका, मागून येतंय!” म्हणत त्यांनी वाटेच्या दोन्ही अंगांचं वाळकं गवत कापून काढलं. टेलरने काटेरी झुडपं छाटली, कशी, तर शिवण उसवावी तशी, एकेक टाका मोजून. मी दोरी लावली. तुला ठाऊक आहे, दोरीशिवाय मला रेघ दिसत नाही. दोरीला दोरी धरून वाटेच्या कडेने दगड मांडले आणि सगळ्यांना चुना दिला. दुसऱ्या वळणावरचा तो आडवातिडवा खडकाळ तुकडा, जिथे मास्तर आपल्याला बसवून कविता पाठ करून घ्यायचे, तिथले गोटे गोळा करून टोपल्यांनी बाजूला टाकले, जमीन सपाट केली आणि लांब दांड्याच्या केरसुणीने झाडून घेतली. भोंग्या, माळाला कोपरे आले रे! पन्नास वर्षं लोकांचे फोटो चौकटीत बसवले, पण एवढी मोठी चौकट कधी हातून झाली नव्हती.

आणि हो, पाटी. ‘हा निसर्ग आपला आहे.’ हिरव्या पट्टीची फ्रेम, पंचेचाळीस अंशात कापलेले कोपरे, जोड दिसतच नाही. बोट फिरवून बघ म्हटलं असतं, पण तू सहाव्या मजल्यावर.

तुझी वहिनी डबा घेऊन आली होती. सगळं बघितलं आणि म्हणाली, “पाहुणे येणार म्हणून घरातल्या उंदरांनाही आंघोळ घालाल तुम्ही.” मी म्हणालो, बघ, तुलाही आवडलं ना. तिने डबा उघडला.

स्वागताला मी चार कडव्यांची कविता केली आहे. वृत्त मास्तरांचंच, चालता चालता म्हणण्याचं, दर चौथ्या मात्रेला पाऊल. मॅडमना आपला माळ दाखवताना माझी मान कशी ताठ असेल! रविवारी काय होतं ते कळवतो. तुझ्याकडे अर्थात काही मागत नाही.

तुझा,
चौकटवाला


६ मार्च

प्रिय भोंग्या,

मॅडमचे बूट चांगले होते. आधी तेच सांगतो. जुने, मजबूत, टाचेला एका बाजूने झिजलेले. चालणाऱ्या माणसाचे बूट. मला बरं वाटलं. हवाही छान होती. टेलरच्या बायकोने थर्मासमधून चहा आणला, कप धुऊन आणले होते. कविता झाली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. कंपनीचा एक माणूस सोबत होता, तरुण, गोड बोलणारा, त्यानेही वाजवल्या. तो मला म्हणाला, “आजोबा, बाग फार सुंदर ठेवलीय तुम्ही.”

बाग.

ड्रायव्हरसाहेब म्हणतात, तिथेच मला कळायला हवं होतं. मला नाही कळलं. मी “धन्यवाद” म्हणालो.

मग चालायला निघालो. पहिल्या वळणावर तितर असतात, नेहमी असतात, पायाखालून फुर्र करून उडतात आणि ड्रायव्हरसाहेब दर वेळी दचकतात. एकही नाही. दुसऱ्या वळणावर टिटवी ओरडते. कुणी ओरडलं नाही. चंडोल वर चढून गातो तो आभाळाचा तुकडा होता, चंडोल नव्हता. ओढ्याच्या काठी कोल्हिणीचं बीळ आहे. त्याच्या तोंडावरची झुडपं टेलरने छाटलेली, बिळाचं तोंड दात काढलेल्या माणसासारखं उघडं. आत कुणी नाही. मॅडम वाकून वाकून बघत होत्या. मी मागून सांगत होतो, इथे असतात, इथे असतात. लग्नाच्या घरात जेवायला बोलावून ताट रिकामं ठेवावं तसं वाटत होतं मला.

मॅडमनी विचारलं, “ही जागा नेहमी अशीच असते का? इतकी झाडलेली?”

आणि मी, भोंग्या, मी छाती काढून म्हणालो, “नेहमी! एक काडी इकडची तिकडे दिसायची नाही!”

टेलरने माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, गर्दीत चुकून पडला.

मॅडम चांगल्या आहेत, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागलं. म्हणाल्या, “काका, जमिनीवर घरटी करणारे पक्षी अशा जागी राहत नाहीत. त्यांना आडोसा लागतो, गोटे लागतात, वाळकं गवत लागतं. मला जे दिसलं तेच लिहावं लागेल.” कंपनीचा माणूस बुटाच्या टोकाने चुन्याचा एक दगड सरळ करत होता. तो माझ्याकडून तिरका लागला होता.

मी विचारलं, पुन्हा येता येईल का? म्हणाल्या, विणीच्या दिवसांत दुसरी पाहणी होऊ शकते, पण ती जागेच्या मालकाने मागायला हवी, तीही एप्रिल संपायच्या आत. फौजेने मागून चालत नाही.

घरी आलो. तुझी वहिनी ताट वाढत होती. मी हात धुताना सवयीने मास्तरांची ओळ म्हणत होतो, दुसऱ्या वळणावरची, तुझी आवडती:

माळावरती पाउल हलके, खाली कोणाचे घर आहे;
दगड म्हणू तो दगड नसावा, अंडे ऊब मागते आहे.

ती म्हणाली, “पाठ आहे हो तुम्हाला. ऐकलीत कधी?”

मी जेवलो नाही असं लिहिणार होतो, पण जेवलो. तिने जेवायला लावलं.

मालक तू आहेस. हे तुलाही ठाऊक आहे, मलाही. मी काही मागत नाही.

चौकटवाला


२६ मार्च

प्रिय भोंग्या,

तुझं उत्तर नाही. नसू दे. इथली खबर ऐक.

आम्ही हरलेलो नाही. बसवलेली फ्रेमही उकलता येते, त्याचीही एक पद्धत असते. आधी मागचे खिळे एकेक काढायचे, पुठ्ठा सोडवायचा, मग काच बाजूला सरकवायची. घाई केली की तडा जातो. तसा माळ उकलायला घेतला. चुन्याचे दगड उचलून घासले आणि इकडे तिकडे टाकले, जमेल तितके वेडेवाकडे. मला ते काही केल्या जमेना. टाकलेला दगडही माझ्या हातून ओळीत जाऊन पडायचा. शेवटी ड्रायव्हरसाहेब म्हणाले, “तुम्ही डोळे मिटा आणि पाठमोरे फेका.” तसं केलं. एक त्यांच्याच नडगीवर बसला. दुसऱ्या वळणावर टोपल्या पुन्हा रिकाम्या केल्या. छाटलेल्या काट्यांच्या फांद्या कोल्हिणीच्या बिळावर नेऊन टाकल्या. पाटी काढली. ती आता तुझ्या वहिनीच्या माठाखाली आहे, बरोब्बर बसते.

आणि मग सर्वांत अवघड काम केलं. चालणं बंद केलं.

हो, बंद. आपल्यातलं कुणीही माळावर पाय ठेवत नाही. माणसांचा वावर थांबला तरच पाखरं परत येतील, असं मॅडम जाता जाता म्हणाल्या होत्या. आमच्या फौजेत एकही शिस्तीचा माणूस नाही हे तू नेहमी म्हणायचास. आता येऊन बघ. रविवारी सकाळी सगळे बूट घालून येतात, नाड्या घट्ट बांधतात आणि टेलरच्या दुकानात बसून राहतात. टेलर मशीनचं पायडल मारत असतो. ड्रायव्हरसाहेब म्हणतात, “आपल्यात एकटा हाच चालतोय.” ठरलेल्या वेळेला चहा होतो, माळावर व्हायचा तेव्हा. मग कुणीतरी म्हणतं, आता आपण ओढ्यापाशी असतो. सगळे माना डोलावतात आणि घरी जातात.

एवढी वर्षं चाललो म्हणून मला आमचा अभिमान होता. आता न चालण्याचा जास्त आहे. पायांना सुटत नाही रे ती वाट. मी रात्री अंथरुणात मात्रा मोजतो आणि पांघरुणात पाय हलतात. तुझी वहिनी म्हणते, घोड्याशेजारी झोपल्यासारखं होतं.

तुझा,
चौकटवाला


१७ एप्रिल

प्रिय भोंग्या,

टिटवी परत आली!

मी माळावर गेलो नाही. शप्पथ. शेवटच्या घरामागे ती कमरेएवढी दगडी भिंत आहे ना, तिथवर रोज सकाळी जातो आणि हात मागे बांधून उभा राहतो. हात मागे, कारण मोकळे असले की काहीतरी नीट करावंसं वाटतं. पहिले काही दिवस नुसता वारा. मग एकदा लांबवर चंडोल चढला, गात गात, इतका उंच की दिसेनासा झाला आणि गाणं तेवढं राहिलं. मग एका सकाळी ती लाल डोळ्यांची भांडखोर बाई आली आणि सगळ्या माळावर ओरडत फिरली, घर किती दिवस बंद ठेवलं होतं, कुणी पसारा हलवला, कोण कोण येऊन गेलं. मला इतकं बरं वाटलं तो ओरडा खाऊन!

काल ड्रायव्हरसाहेबांची दुर्बीण लावून बघितलं. दुसऱ्या वळणावर बसलीय. ऊन वाढलं तशी जराशी उठली आणि पंख उघडून उभी राहिली, अंगाची सावली खाली पडेल अशी. त्या सावलीत चार गोटे होते. गोटे नव्हतेच ते. आणि त्यांच्या कडेला आणखी एक होता, अर्धा पांढरा, चुना पुरता न निघालेला. तो माझा. पाठमोरा फेकलेला. तिने तो घरात घेतला आहे, भोंग्या. आयुष्यात मी केलेल्या सगळ्या चौकटींत ती एक मला दुकानात लावावीशी वाटते, आणि तिला हात लावायचा नाही.

तिथेच, त्याच वळणावर, तुला बोलता आलं. आठवतंय? वर्गात मास्तरांनी उभं केलं की तुझा चेहरा लाल व्हायचा, पहिला शब्द दाताखाली सापडायचा आणि पोरं तुझ्यासाठी तो शब्द ओरडायची. मी कधी ओरडलो नाही. शेजारी बसून मी बाकाखाली मुठी आवळून थांबायचो. मास्तर एक दिवस म्हणाले, चला, आज वर्ग माळावर. सगळ्यांना ओळीने चालायला लावलं आणि चालत चालत कविता. पाऊल, शब्द, पाऊल, शब्द. तू माझ्या पुढे होतास. दुसऱ्या वळणावर मला तुझा आवाज ऐकू आला. अखंड. मला वाटलं, दुसरंच कुणीतरी बोलतंय. तुझे कान लाल झाले होते पण ओळ थांबत नव्हती, आणि टिटवी वरून ओरडत होती आणि तू तिच्याही वर चढवलास आवाज. मास्तर म्हणाले, “अरे, हा तर भोंगा आहे!” नाव तिथे पडलं. मग वार्षिक समारंभात तू मास्तरांना विचारलंस, सर, मी चालत म्हटली तर चालेल? आणि साऱ्या पालकांसमोर, खुर्च्यांच्या मधून, इकडून तिकडे चालत तू आख्खी कविता म्हटलीस. तुझी आई रडत होती. मी रडत नव्हतो, मी शेजारच्या पोराला कोपराने ढोसून सांगत होतो, “माझ्या बाकावर बसतो.”

ते मी अजून सांगतो. परवा कंपनीच्या माणसालाही सांगितलं. तो चौकटीचे भाव विचारायला आला होता, ऑफिसात लावायला होणाऱ्या शेडचा रंगीत फोटो करून घेतलाय. मी म्हटलं, फ्रेम करून देईन, तो माझा धंदा आहे, पण या जागी एका माणसाला वाचा फुटली आहे, ते तुमच्या फोटोत कुठे बसवू? म्हणाला, आजोबा, तुम्ही कविता करता ना. माणूस वाईट नाही तो. त्याला चाळीस हजार कोंबड्या सांभाळायच्या आहेत, आपल्याला चार अंडी.

तुझा,
चौकटवाला


२८ एप्रिल

प्रिय भोंग्या,

महिना संपत आला. पहाट झाली आहे, तुझ्या वहिनीने खिडकी उघडली आहे, आणि मी आधीच्या पत्रांत जे लिहायचो ते आज लिहीत नाहीये.

मागतोय. ऐक.

मॅडमना फोन कर. नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे. फक्त एवढं म्हण की मालक म्हणून मला पुन्हा पाहणी हवी आहे. त्यानंतर तू जमिनीचं काय करायचं ते कर. माळावर काही पिकत नाही हे खरं आहे, लेकीचं घर आहे, तुझं वय झालंय, मी हे सगळं ऐकून घेतलं असतं त्या दिवशी, पण मला टाळी हवी होती आणि ‘कोंबड्यांचा जावई’ तोंडाशी येऊन बसला होता. फोनवर अडखळशील, म्हणून तू फोन करत नाहीस, हे मला कळतं. यंत्रातल्या बाईला तुझी जागा दिल्यापासून तू फोनच घेत नाहीस, लेकीने सांगितलं टेलरला. अडखळ की. मॅडम चांगल्या आहेत, थांबतील.

आणखी एक. तुझं ते वाक्य. “मी ही जमीन…” तू गेल्यावर टेलर म्हणाला, “विकली.” ड्रायव्हरसाहेब म्हणाले, “विकणारच.” मी काही बोललो नाही, आणि त्याचा मला फार अभिमान होता, की शाळेपासून आजवर मी तुझा शब्द कधी तुझ्या तोंडून काढून घेतला नाही. पण काल भिंतीपाशी उभा असताना लक्षात आलं, तोंडाने नाही तरी मनात मी तो केव्हाच लावून टाकला होता. कोपरे जुळवून, खिळे मारून. पुढचा शब्द मला ठाऊक नाही, भोंग्या. तो तुझ्यापाशी आहे.

अंडी अजून फुटली नाहीत. कोल्हीण परत आली की नाही ते कळत नाही, पण दुर्बिणीतून दिसतं, बिळापुढची एक काट्याची फांदी कुणीतरी आत ओढली आहे. टेलर म्हणतो वाऱ्याने. वारा आत कसा ओढेल?

थांब. दार वाजतंय. इतक्या सकाळी दूधवाला असेल. तुझी वहिनी गेलीय उघडायला.

दूधवाला नाही.

मॅडम आहेत. एकट्या. ते झिजलेल्या टाचेचे बूट घालून. पायरीवर बसल्या आहेत, तुझी वहिनी आत चहा टाकतेय, आणि मी उंबऱ्यावर बसून, त्या बोलतील तसं हे लिहितोय. तुझा काल फोन आला म्हणाल्या, नंबर तू त्यांच्या ऑफिसातून मिळवलास.

मी म्हटलं, “काय म्हणाला तो?”

“आधी बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं लाईन तुटली. मग म्हणाले, थांबा, चालत सांगतो. पावलं ऐकू येत होती हो मला, लांबलचक व्हरांडा असावा. मग एक मोठा श्वास घेतला आणि सगळं सलग बोलले. म्हणाले, मालक म्हणून मला पुन्हा पाहणी हवी आहे. वाट चौकटवाल्याने दाखवायची.” मॅडमनी नाडी बांधता बांधता वर बघितलं. “आणि एक निरोप आहे. म्हणाले, टेलरच्या दुकानात एक वाक्य अर्धं राहिलं होतं, तेवढं त्याला जोडून द्या. ‘मी ही जमीन अजून दिलेली नाही, आधी तुम्हा सगळ्यांना विचारणार होतो.’”

आत चहा उतू गेला बहुतेक, वास येतोय. तुझी वहिनी तो पुसायला वळली नाही, दारातच उभी आहे.

“अजून एक,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. “हे त्यांनी दोनदा सांगितलं, जोरात, कानठळ्या बसल्या माझ्या. ‘त्याला म्हणावं, केरसुणी घरी ठेव.’”

बूट घालतोय.